किबोर्ड तर तोच आहे

सांडूंच्या घरात दोन वस्तूंना कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. एक काकासाहेबांची मोटारसायकल आणि दुसरा त्यांच्या बायकोचा, रत्नमालाबाईंचा, कॉम्प्युटर. मोटारसायकलीचा दंडक काकासाहेबांनी स्वतःच मोडीत काढला होता, कारण गल्लीत कोणी किल्ली मागितली की त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नसे. कॉम्प्युटरचा दंडक मात्र पक्का होता. हर्सूलच्या त्या लहानशा घरात, पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी तो क्रोशाच्या झाकणाखाली बसलेला असे. पाहुण्याने त्याच्यावर नुसता पेपर ठेवला तरी रत्नमालाबाईंच्या कपाळाला आठी पडायची.

रत्नमालाबाई घरबसल्या पत्रिका जुळवायच्या. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, जावळाच्या, दशक्रियेच्या. शहागंजात मोहियोद्दीनभाईंचा छापखाना होता. लोक मजकूर तिथे द्यायचे, तो फोनवर यांच्याकडे यायचा आणि जुळवलेलं पान परत तिकडे जायचं. ऐकायला हे फार सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने फुलंब्रीकडच्या एका लग्नाची पत्रिका करून दाखवावी. निमंत्रकांच्या नावांनी पान भरून वाहतं, आणि त्यात कोणाच्या वर कोण यावं याचे नियम कुठे लिहिलेले नसतात. माजी सरपंच आजी सरपंचाच्या खाली गेला तर तो मांडवात पाय ठेवत नाही. थोरल्या चुलत्याआधी धाकटा मामा छापला तर अक्षता पडायच्या आधी भांडण पडतं. कोणत्या भावकीत कोण कोणावर रुसलेलं आहे, हे रत्नमालाबाईंना त्या त्या घरच्या लोकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. मोहियोद्दीनभाई त्यांचं पान न तपासता छापायचे आणि ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

टायपिंग त्या लग्नाआधी शिकल्या होत्या, फुलंब्रीच्या एका क्लासात, खडखडणाऱ्या मशीनवर. तेव्हापासून बोटांना जे वळण लागलं ते लागलं. खिडकीतून भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालताना त्यांचे हात इकडे नावं उमटवत असायचे. कॉम्प्युटरवरचं मराठी सॉफ्टवेअरही त्यांनी त्याच वळणाचं घेतलं होतं, जुन्या काळचं. ते उघडायला एक डोंगल लागायचं. काडेपेटीएवढं, राखाडी रंगाचं, सगळे ज्याला सीपीयू म्हणतात त्या खोक्याच्या पाठीमागे, जुन्या प्रिंटरच्या सॉकेटात खोचलेलं. ते जागेवर असेल तरच सॉफ्टवेअर चालायचं, नाहीतर ढिम्म.

दर खंडेनवमीला काकासाहेब मोटारसायकल धुऊन हार घालायचे आणि रत्नमालाबाई किबोर्डला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायच्या. मग खोकं भिंतीपासून ओढून मागच्या डोंगलालाही कुंकवाचं बोट लावायच्या. त्यांची मुलगी श्रेया लहान असताना टॉर्च धरून उभी राहायची. त्यामुळे डोंगल म्हणजे काय हे आपल्याला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय तिला नव्हती. पुढे हेच तिला सगळ्यात जड गेलं.

श्रेया आता चिकलठाण्याला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती. बीसीए झालेली, घरातली कॉम्प्युटरची जाणकार, म्हणजे फोनचा पासवर्ड विसरला की गल्ली जिच्याकडे येते ती. तिची जिवाभावाची मैत्रीण मोनिका नोकरीसाठी पुण्याला गेली होती. फोनवर बोलणं कमी कमी होत चाललं होतं. मग मोनिकाने एका गेमचं खूळ काढलं. चौघींनी मिळून जंगलात तळ राखायचा, कानाला हेडफोन लावून गप्पा मारत. ऑफिस सुटल्यावर सगळ्या जमायच्या. श्रेया आईच्याच कॉम्प्युटरवर खेळायची, घरात तेवढी तिलाच मुभा होती, पण त्याच्यावर तो गेम गचके खात चालायचा. इतरजणी नदी ओलांडून जायच्या तेव्हा हिची बाई अजून झाडात अडकलेली असायची. पहिला बळी नेहमी हिचा. मोनिका म्हणायची, अगं त्या कॉम्प्युटरला एकदा चहा पाज. सगळ्या हसायच्या, श्रेयाही हसायची, पण तिला ते लागायचं. पुण्याची मोनिका हळूहळू आपल्याला मागे टाकून चालली आहे असं तिला वाटायचं.

तिने पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले आणि पोळ्याच्या सुमारास एका रविवारी खोकं रिक्षात घालून पैठण गेटच्या गल्लीत अम्मारच्या दुकानात नेलं. अम्मार मोठमोठ्या ऑफिसांतून निघालेले सुटे भाग घ्यायचा आणि श्रेयासारख्या हौशी पण बेताच्या खिशाच्या लोकांची कामं करून द्यायचा. आईला तिने सांगितलं होतं की साफसफाई करून आणते, फार धूळ झाली आहे.

अम्मारने खोकं उघडून पाहिलं आणि डोकं खाजवलं. नुसतं मोठं ग्राफिक कार्ड टाकून भागणार नव्हतं. पॉवर सप्लाय त्याचा भार सोसणार नव्हता, आतला मदरबोर्ड म्हातारा, रॅम त्याहून म्हातारी. हिच्या पैशात दोन वाटा होत्या. तो म्हणाला, "ताई, माझं ऐका, बोर्ड हाच ठेवा. छोटं कार्ड टाकतो, रॅम वाढवून देतो. गेम चालतो. चित्र थोडं साधं दिसंल, एवढंच." दुसरी वाट म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा वापरलेला पण चांगला संच, मोठं कार्ड, आणि बजेट जुळवायला जुना बोर्ड त्याला देऊन टाकायचा. जुन्या बोर्डांना अजून गिऱ्हाईक होतं.

श्रेयाने मोनिकाच्या स्क्रीनचा व्हिडिओ पाहिलेला होता. त्यात नदीचं पाणी हलायचं आणि पानांवर ऊन पडायचं. साधं चित्र तिला नको होतं.

मग अम्मारने मागचं डोंगल काढून हातात धरलं. हे कुणाचं, त्याने विचारलं. नव्या बोर्डाला असलं सॉकेट नसतं आणि ह्याचं सॉफ्टवेअरही त्याच्यावर चालणार नाही, घरी विचारलंय ना?

"विचारलंय," श्रेया म्हणाली.

एकच शब्द होता. तो बोलताना तिच्या जिभेला जराही अडखळायला झालं नाही, याचं तिला नंतर फार नवल वाटलं. डोंगल तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलं आणि चेन लावली. आईचं काम काय, कशावरही होईल, आता मराठीची किती फुकट सॉफ्टवेअरं मिळतात, असं तिने स्वतःला बजावलं. स्वतःला बजावताना माणूस फार हुज्जत घालत नाही.

घरी खोकं आलं ते आतून लाल उजेड फेकणारं. रत्नमालाबाई कौतुकाने बघत राहिल्या. श्रेयाने सांगितलं की साफसफाईसाठी नेला तर तो पारच दमलेला निघाला, तेव्हा तुझं काम लवकर व्हावं म्हणून नवा करून आणला, माझ्या पैशाने. हे ऐकून रत्नमालाबाईंनी पदर डोळ्याला लावला. संध्याकाळी शिरा केला. शेजारच्या गीताबाईंना वाटी नेऊन दिली आणि पोरीने पहिल्या बचतीतून आईसाठी काय केलं ते अर्ध्या गल्लीला कळेल अशा आवाजात सांगितलं. श्रेया आत बसून शिरा खात होती.

दुसऱ्या दिवशी रत्नमालाबाई वास्तुशांतीच्या पत्रिकेला बसल्या. तुझंच आहे, फक्त नव्या रूपातलं, असं सांगून श्रेयाने एक फुकटचं मराठी सॉफ्टवेअर टाकून ठेवलं होतं, शोधून शोधून त्यातल्या त्यात टायपिंग मशीनच्या वळणाचं. त्यातच खरा घात झाला. सगळं वेगळं असतं तर रत्नमालाबाईंनी मशीनला दोष दिला असता. पण बरीचशी अक्षरं जुन्याच जागी होती. मात्रा, रफार, अर्धी अक्षरं तेवढी दुसरीकडे गेली होती. एक शब्द सरळ उमटायचा आणि पुढचा भलताच. त्यांनी हात उचलले, बोटांकडे पाहिलं, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच झालं.

"श्रेया, बटणं बदलली का गं?"

श्रेया डबा भरत होती. खरं सांगायची ती वेळ होती. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, मग माझं जुनंच टाकून दे. मग डोंगल कुठाय हा प्रश्न आला असता, मग बोर्ड कुठाय, मग शिऱ्याचं काय.

"किबोर्ड तर तोच आहे, आई," ती म्हणाली. "सगळं तेच आहे. तुलाच जरा वेगळं वाटत असेल."

किबोर्ड खरोखरच तोच होता. 'स'वरचा रंगही उडालेला तसाच. खोटं म्हणावं तर खोटं नाही, असं हे बोलणं होतं, आणि म्हणूनच त्याच्यासारखं वाईट बोलणं श्रेया आयुष्यात दुसरं बोलली नव्हती.

"व्हय, तोच हाय," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

आवडाबाईंची गोष्ट इथे सांगायला हवी. आवडाबाई म्हणजे रत्नमालाबाईंच्या आई. सगळ्या गावाची नाती जिच्या तोंडावर असायची अशी ती बाई शेवटच्या वर्षांत एकेक करून विसरत गेली. आधी तिच्या हाताला भाकरी थापता येईना. पीठ मळून घ्यायची आणि पुढे काय करायचं म्हणून बघत बसायची. मग नावं गेली, मग माणसं गेली. रत्नमालाबाईंनी तिचं सगळं केलं, आणि शेवटी आवडाबाई त्यांना विचारायच्या, बाई तू कोणाची? त्या आजाराची सुरुवात हातांपासून झाली होती, हे रत्नमालाबाईंच्या मनात पक्कं बसलेलं होतं. श्रेयालाही ते माहीत होतं.

गणपतीत मंडळांची पत्रकं आली. पूर्वी त्या असल्या कामाला दुपारची डुलकी मोडायच्या नाहीत. आता दिवस दिवस बसून राहायच्या. काकासाहेबांनी विचारलं तर डोळ्यांवर ढकलायच्या. श्रेयाच्या लक्षात आलं की आई भाकरी करताना पुटपुटते आहे. कान देऊन ऐकलं तर त्या भावकीतली नावं क्रमाने म्हणत होत्या, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मग त्यांच्या सुना, मग मुलं. एखादं नाव अडलं की हात तव्यावर थांबायचा. नाव आठवलं की भाकरी उलटायची. काही भाकरी करपलेल्या निघत. काकासाहेब त्या तशाच खायचे.

संध्याकाळी श्रेया गेम खेळायची. नदीचं पाणी हलायचं, पानांवर ऊन पडायचं. ती आता पहिली मरत नसे. मोनिका म्हणायची, काय बाई सुसाट सुटली आहेस. मागे रत्नमालाबाई जमिनीवर बसून शेंगा निवडत आणि मधून मधून स्क्रीनकडे बघत. "लई भारी दिसतं गं," त्या एकदा म्हणाल्या, आणि त्यात जराही टोमणा नव्हता. श्रेयाने त्या दिवशी हेडफोन लवकर काढून ठेवला. डोंगल पर्समध्येच होतं. ऑफिसात पेन शोधताना ते हाताला लागायचं. तरी ती ते बाहेर काढत नव्हती आणि टाकूनही देत नव्हती.

पितृपक्षात एका दुपारी फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातला माणूस थेट घरीच आला. वडील वारले होते, दशक्रियेची पत्रिका त्याच संध्याकाळी छापून हवी होती. मोहियोद्दीनभाईंनी घाईसाठी त्याला इकडेच पाठवलं होतं. असली पत्रिका रत्नमालाबाई पाहुण्याचा चहा निवायच्या आत करून द्यायच्या. श्रेया ऑफिसातून आली तेव्हा तो माणूस टोपी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसला होता. चहा कधीच संपला होता, दुसराही संपला होता. तो बिचारा मधून मधून दाराबाहेरच्या उतरत्या उन्हाकडे बघत होता. रत्नमालाबाईंच्या मानेवर घाम होता आणि स्क्रीनवर मृताचं नाव सोडून फारसं काही उमटलं नव्हतं.

श्रेयाने काय केलं? तिने आईला बाजूला बसवलं, मजकुराचा कागद घेतला, फोनवर इंग्रजी अक्षरांत भराभरा टाइप करून मराठी करून घेतलं, ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि पान लावून दिलं. वेळ लागला नाही. नावांच्या क्रमाला मात्र आईच हवी होती. कोण कोणाच्या खाली ते रत्नमालाबाईंनी मागून हळू आवाजात सांगितलं, आणि प्रत्येक नावापुढे विचारलं, बरोबर हाय ना? त्या माणसाने जाताना श्रेयाला हात जोडले आणि म्हणाला, पोरगी हुशार काढली बाई तुम्ही. रत्नमालाबाईंनी मान डोलावली. त्यांना खरोखर अभिमान वाटला होता, तो तोंडावर दिसत होता. श्रेयाला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं होईल.

त्यानंतर रत्नमालाबाईंनी मोहियोद्दीनभाईंना फोन केला आणि सांगितलं की यापुढे काम पाठवू नका, जमत नाही आता. मोहियोद्दीनभाई फोनवर हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवर घरी हजर झाले. येताना खव्याची जिलेबी आणली होती. भांडण झालं असेल, कोणी काही बोललं असेल, असं समजून ते समजूत घालायला आले होते. रत्नमालाबाई आत चहाला गेल्या तशी त्यांनी श्रेयाला विचारलं, "बेटा, झालं काय नेमकं? ताईंच्या पानाला मी आजवर कधी प्रूफ काढलं नाय. आता सीझन तोंडावर आलाय."

"आईला त्रास होतो हल्ली," श्रेया म्हणाली.

"आराम करू द्या मग," मोहियोद्दीनभाई म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ जिलेबीच्या पुडक्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसले.

रत्नमालाबाईंनी खुर्चीही सोडली. कॉम्प्युटर आता तूच वापर, माझं काय राहिलं त्यात, म्हणाल्या. क्रोशाचं झाकण घडी घालून कपाटात गेलं. मग एका संध्याकाळी त्यांनी श्रेयाला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. डोक्याच्या डॉक्टरचा नंबर लावला होता, दसऱ्यानंतरचा. तू बरोबर चल, आणि बाबांना आत्ता सांगू नको, एवढंच त्या म्हणाल्या. श्रेया चालेल म्हणाली. डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणतील आणि आईच्या मनातली भीती जाईल, असा विचार तिच्या मनात आला. म्हणजे आपलं पाप डॉक्टरने परस्पर धुऊन टाकावं. हा विचार आपल्याला सुचला याची तिला त्याच क्षणी शिसारी आली, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

खंडेनवमी आली. काकासाहेबांनी मोटारसायकल धुतली, गीताबाईंच्या मुलाची स्कूटीही धुऊन टाकली. रत्नमालाबाईंनी विळी, सुरी, शिलाई मशीन पुसून मांडलं. मग हळदकुंकवाची कोयरी श्रेयाच्या हातात दिली.

"यंदा कॉम्प्युटरची पूजा तू कर. तुझा हाय आता तो. अन् मागं डोंगल हाय, त्याला इसरू नको. त्याच्यावर लई वर्सं खाल्लंय आपण."

श्रेयाने किबोर्डला हळदकुंकू लावलं. फूल ठेवलं. मग तिथेच उभी राहिली. रत्नमालाबाईंना वाटलं, हिला खोकं ओढवत नाही. त्यांनी स्वतःच ते भिंतीपासून पुढे घेतलं आणि फोनचा टॉर्च लावून मागे वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. हात फिरवून पाहिला. मग सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"नाय तिथं," त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी बारीक आवाजात, "मीच कुठंतरी काढून ठिवलं असंल. काढलेलं आठवंना मला. श्रेया, हेबी आठवंना."

त्या खाली बसल्या. शिलाई मशीनचा खण उघडून बटणं, रिळं चाचपायला लागल्या. आवडाबाई अशाच चाचपत बसायच्या. श्रेयाला ते बघवलं नाही. तिने खुंटीवरची पर्स काढली, आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि डोंगल आईसमोर धरलं.

तिने सगळं सांगितलं. थांबली असती तर पुन्हा सांगता आलं नसतं, म्हणून न थांबता सांगितलं. अम्मारने विचारलं होतं, साधी वाटही दाखवली होती, मी खोटं बोलले. गेमसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. सॉफ्टवेअर वेगळं आहे, मात्रा वेगळ्या जागी आहेत, तू काहीही विसरलेली नाहीस. काकासाहेब ओल्या हातांनी दारात येऊन उभे राहिले होते.

रत्नमालाबाईंनी डोंगल हातात घेतलं. उलटसुलट केलं. त्याच्यावर गेल्या वर्षीच्या कुंकवाचा डाग होता.

"म्हणजे मला काय झालं नाय?"

"नाही, आई."

"आईवानी नाय झालं?"

"नाही."

श्रेयाला वाटलं होतं, आई रागावेल, एखादी ठेवून देईल, आणि तेच तिला हवं होतं. पण रत्नमालाबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरून, अंग हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसल्या. काकासाहेबांना म्हणाल्या, अहो, मला काय झालं नाय, मी चांगली हाय. जणू पोरीने त्यांना मोठी भेट आणून दिली होती. त्या हसण्याइतकं श्रेयाला आजवर काही झोंबलं नव्हतं. काकासाहेबांना कसला आजार आणि कसलं काय हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते श्रेयाकडे न बघता बाहेर गेले आणि पुसलेली मोटारसायकल पुन्हा पुसत बसले.

हसू ओसरलं. मग त्यांनी विचारलं.

"दशक्रियेचा माणूस आलता, त्या दिवशीबी तुला माहीत होतं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी कुंकवाचं बोट डोंगलाला लावलं, ते सुरी-विळीच्या शेजारी मांडलं आणि नैवेद्याला उठल्या.

श्रेया दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी अम्मारकडे गेली. जुना बोर्ड लासूर स्टेशनच्या एका आडत्याने जुन्या प्रिंटरसाठी नेला होता आणि तो सोडायला तयार नव्हता. शेवटी फुलंब्रीतल्या बंद पडलेल्या एका क्लासमधून अम्मारने तसल्याच जातीचा दुसरा बोर्ड मिळवला. मोठं कार्ड श्रेयाने विकलं. आईच्या जुन्या फाइली डिस्कवर तशाच होत्या, त्या उघडेपर्यंत अम्मारने बरीच झटापट केली. श्रेया त्याला म्हणाली, त्या दिवशी मी घरी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, जाऊ द्या ताई, आणि पेचकस शोधायला लागला. मोनिकाला तिने सांगितलं की काही दिवस येणार नाही. मोनिकाने कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं.

डॉक्टरचा नंबर रद्द झाला. कपाटातून क्रोशाचं झाकण निघालं. मोहियोद्दीनभाईंनी तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथींची कामं पाठवायला सुरुवात केली आणि रत्नमालाबाई खिडकीशी बसल्या. पहिली पत्रिका लग्नाची होती, भली मोठी भावकी. श्रेया दारातून बघत होती. बोटं चालली. मात्रा जागेवर, रफार जागेवर, एकही शब्द भलता उमटला नाही. बाहेर भाजीवाला ओरडत होता, पण त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. प्रत्येक ओळ झाली की त्या थांबायच्या, स्क्रीनजवळ तोंड नेऊन पाहायच्या आणि मग पुढे जायच्या.

पान पूर्ण झालं तशी त्यांनी हाक मारली.

"श्रेया, जरा बघ गं. बरोबर हाय ना?"

आजवर हा प्रश्न त्यांनी स्वतः जुळवलेल्या पानाबद्दल कोणाला विचारला नव्हता, मोहियोद्दीनभाईंनाही नाही. श्रेया मागे येऊन उभी राहिली. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, नावन् नाव वाचलं. कुठेही काही चुकलं नव्हतं.

"बरोबर आहे, आई. सगळं बरोबर आहे."

रत्नमालाबाईंनी वळून तिच्याकडे क्षणभर पाहिलं. बरं, म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवला आणि वरच्या गणपतीच्या ओळीपासून एकेका शब्दावर बोट ठेवत पान पुन्हा वाचायला लागल्या.